आधी टेक्स्ट बॉक्स, मग बटणं

दुकानदाराला लायब्ररी दिसत नाही. त्याला दिसते स्क्रीन. वर तारीख, खाली शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, पोती, वजन, भाव, आणि कोपऱ्यात ‘पट्टी छापा’ हे बटण. ते बटण, तो चौकोन, ती यादी ज्या तयार कोडातून उचललेली असते, त्या ग्राफिकल इंटरफेस लायब्ररीचं नावही त्याने ऐकलेलं नसतं आणि ऐकायचं कारणही नाही. निवड करतो प्रोग्रामर. बहुधा एकटा, बहुधा घाईत, आणि बहुधा आधीपासून जे येतं त्यातूनच. निभवावी मात्र दुकानाला लागते, तीही दहा-पंधरा वर्षं.

पुण्याच्या कंपनीत हा निर्णय फसला तर पाच-सहा जण बसून स्क्रीन नव्याने लिहितात. नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडच्या आडत दुकानात तसं होत नाही. तिथे सॉफ्टवेअर करून देणारा पोरगा नांदेडचा असतो. दोन-तीन वर्षांत तो पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला लागतो आणि मागे उरते एक एक्झे फाइल. म्हणून अशा गावासाठी लायब्ररी निवडताना देखणेपणा, वेग, नवेपणा हे सगळं मी मागच्या रांगेत बसवतो. पहिला प्रश्न असा, की तिच्या टेक्स्ट बॉक्समध्ये मराठी नीट लिहिता, खोडता, शोधता आणि छापता येते का? दुसरा, लिहिणारा गेल्यावर तिला हात कोण लावणार?

पहिला प्रश्न भाषाप्रेमातून आलेला नाही. तो न विचारल्याची किंमत आपण एकदा मोजली आहे.

डॉसच्या जमान्यात सीडॅकचं जिस्ट कार्ड होतं. ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. प्रोग्राम फॉक्सप्रोत लिहिलेला असो की आणखी कशात, त्याला मराठीची गंधवार्ता नसली तरी अडत नसे; जोडाक्षरं जुळवायचं काम कार्ड करायचं. डेटा साठायचा तो इस्की संकेतात, आणि त्याला १९९१ साली भारतीय मानकही मिळालं होतं. विंडोज आलं, कार्ड गेलं, फाँट आले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव या मंडळींनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे रफार. लायब्ररीला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय. १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मधले तयार टेक्स्ट बॉक्स तर युनिकोड जाणतच नव्हते. त्यांना खरी मराठी दिली की प्रश्नचिन्हांची माळ दिसे. त्यामुळे व्हीबीत काम करणाऱ्यासमोर फाँटाखेरीज दुसरी वाट जवळपास नव्हती.

परिणाम डेटावर झाला. शेतकऱ्याचं नाव म्हणून फाइलीत साठलं ते इंग्रजी अक्षरांचं आणि चिन्हांचं कडबोळं. तो फाँट संगणकावर आहे तोवर ते नाव, नाही तर कचरा. प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी, म्हणून एकाचं युनिकोड करायला बनवलेला तक्ता दुसऱ्याला चालत नाही. नावं अकारविल्हे लावावीत तर संगणक ती इंग्रजी चिन्हांच्या क्रमाने लावणार. पडद्यावरचा एक चौकोन निवडताना आपण वीस वर्षांच्या नोंदी कुठल्या संकेतात साठणार हे ठरवून बसलो होतो, आणि कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गंमत अशी की माझ्या दुसऱ्या प्रश्नावर व्हीबी ६ पहिल्या नंबराने पास होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या विकासाच्या साधनाचा पाठिंबा २००८ साली काढून घेतला, पण तयार झालेले प्रोग्राम आजच्या विंडोजवरही चालतात. उलट व्हीबी ६ नंतर त्याच कंपनीने मोठ्या थाटात आणलेलं सिल्व्हरलाइट २००७ ला आलं आणि २०२१ ला संपलंसुद्धा.

आता अक्षरांचं काम कोण करतं? युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठतात, दिसतात मात्र वेगळ्या क्रमाने. ऱ्हस्व इकार साठतो व्यंजनानंतर, काढायचा असतो त्याच्या आधी. रफाराचा र साठतो आधी, बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही जुळणी करणारं यंत्र लायब्ररीच्या पोटात असावं लागतं किंवा तिने ते दुसऱ्याकडून वापरावं लागतं. विंडोज २००० बरोबर युनिस्क्राइब आलं आणि मंगल फाँट आला. एक्सपीतही ते होतं, पण रीजनल सेटिंग्जमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करावी लागे, आणि ती केली की यंत्र मूळ सीडी मागे. तालुक्याच्या गावात ती सीडी कुणापाशी असणार? मोफत सॉफ्टवेअरच्या जगात हे काम आज हार्फबझ करतं. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड, शिवाय जीटीके आणि क्यूटी या लायब्रऱ्या, हे सगळे त्याच्यावर विसंबून आहेत.

चाचणीला तीन शब्द पुरतात: शेतकऱ्याचे, किनवट, अर्धापूर. पहिला तर पट्टीवर छापलेलाच असतो. दुसरं गाव मुदखेडहून आदिलाबादकडे फुटणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, तिसरं शेजारच्या तालुक्याचं. जुळणी येत नसलेल्या लायब्ररीत किनवटचा इकार क सोडून न ला जाऊन चिकटतो, अर्धापूरमधल्या र चा पाय मोडलेला दिसतो आणि शेतकरी अर्ध्यातच तुटतो. भोकर या गावाच्या नावावर चाचणी करू नये. भोकर सगळीकडे बरोबर दिसतं.

नीट दिसलं म्हणजे संपलं असंही नाही. कर्सर जोडाक्षराच्या मधोमध उभा राहतो का, बॅकस्पेसने शेवटचं चिन्ह जातं की अख्खं अक्षर, हे लिहून पाहावं. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दोन्ही दिसायला सारखे, शोधायला वेगळे, त्यामुळे एकाने टाइप केलेलं नाव दुसऱ्याला सापडत नाही. हा दोष लायब्ररीच्या माथी मारता येत नाही, प्रोग्रामरने स्वतः दोन्हींचं एक रूप करून घ्यावं. ळ चंही तसंच. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, आपल्या वर्णमालेत ह नंतर. यादी लावताना मराठीचा क्रम वापरायची सोय क्यूटीत आणि मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आहे, ती सांगून वापरावी लागते एवढंच.

आणि नांदेड जिल्ह्यात तर मराठीने भागतही नाही. धर्माबाद, बिलोली, देगलूर तेलंगणाला टेकलेले, म्हणजे नावं तेलुगू. शहरात उर्दू पाट्या, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी. लिप्यांचा हा मेळ कुठल्याही लायब्ररीची चांगली परीक्षा घेतो, कारण उर्दू उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्या मध्येच वजनाचा आकडा आला की तो डावीकडून उजवीकडे. जिला ही ओळ नीट मांडता आली तिला बाकी फारसं काही शिकवायला नको.

या चाळणीतून काय खाली पडतं? पायथनबरोबर फुकट आणि आयती येणारी टिकिंटर. शिकायला सोपी म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टांतून ती घरोघर पोचली आहे. विंडोजवर ती यंत्रणेच्या आधाराने निभावून नेते, पण लिनक्सवर जुळणीची सोय तिच्यात वर्षानुवर्षं नव्हती. डिअर इमगुई खेळांच्या आणि यंत्रांच्या पडद्यांसाठी झकास, देवनागरीसाठी नाही. शिवाय ती प्रत्येक चौकोन स्वतः रंगवते, त्यामुळे अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच दिसत नाही. वर राहतात जीटीके, क्यूटी, डॉटनेटची विनफॉर्म्स, आणि ब्राउझरचं इंजिन पोटात घेऊन फिरणारी इलेक्ट्रॉन.

इथे दुसरा प्रश्न आड येतो. लायब्ररी पुढे कधीही बदलता येईल, हा तरुण प्रोग्रामरांचा समज मला फार महागात पडणारा वाटतो. जीटीकेचा जन्मच मुळी गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी झाला. त्याच गिंपला जीटीकेच्या तिसऱ्या पिढीवर यायला मार्च २०२५ उजाडलं. तोवर चौथी पिढी येऊन चार वर्षं झाली होती. वायरशार्क जीटीके सोडून क्यूटीवर आलं २०१५ साली. लिनस टोरवाल्ड्सने पाण्याखाली बुड्या मारणाऱ्यांच्या नोंदींसाठी लिहिलेलं सबसर्फेससुद्धा जीटीकेत सुरू होऊन क्यूटीत गेलं. यांच्यामागे जगभरातले हात होते. रेल्वेचंच पाहा. निजामाच्या काळात मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज टाकली गेली, तेव्हा रूळांतल्या अंतराबरोबर डबे, शेड, धक्के सगळं त्या मापाने बांधलं गेलं आणि मनमाडला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरणं आलं. ते माप बदलायला कित्येक दशकं जावी लागली. लायब्ररीचंही माप सगळ्या कोडात असंच शिरतं.

क्यूटीची कुळकथा तर मालकी बदलत गेल्याची आहे. नॉर्वेच्या ट्रोलटेकने १९९५ साली ती पहिल्यांदा बाहेर काढली. २००८ ला नोकियाने कंपनी घेतली, २०१२ ला डिजियाने नोकियाकडून क्यूटी घेतली. सुरुवातीच्या लायसन्सवरून इतकं वाजलं की त्या वादातून ग्नोम हा अख्खा वेगळा प्रकल्प उभा राहिला. २००९ पासून ती एलजीपीएलखाली मिळते, म्हणजे अटी पाळून स्वतःचा कोड बंद ठेवूनही वापरता येते. पायथनमधून वापरणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. पायसाइड या जोडणीला हीच मोकळीक आहे. पायक्यूटी जीपीएलची, कोड द्यायचा नसेल तर लायसन्स विकत घ्या. दोन्हींचा कोड जवळजवळ सारखा दिसतो, म्हणून फरक लक्षात येतो तो उशिरा.

एवढं झाल्यावरही निकाल काउंटरवर लागतो. सोयाबीनच्या हंगामात दुकानात मुनीम कसा काम करतो ते उभं राहून पाहावं. डाव्या हाताखाली काट्याच्या चिठ्ठ्या, उजवा हात नमपॅडवर. आकडा, एन्टर, आकडा, एन्टर. नजर चिठ्ठीवर, पडद्याकडे फक्त बेरजेपुरती. माऊस धूळ खात पडलेला. डॉसच्या प्रोग्रामांनी आणि टॅलीने हाताला लावलेली ही सवय आहे, आणि ती चांगली आहे. विंडोजचा रिवाज मात्र असा की पुढच्या चौकोनात जायला टॅब, एन्टर म्हणजे काम पूर्ण. वेब पानावर तर एन्टर दाबला की अर्धवट फॉर्मच पुढे जातो. म्हणून आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक हिशेबाच्या प्रोग्राममध्ये एन्टरला टॅब करणाऱ्या पाच-दहा ओळी सापडतात. विनफॉर्म्समध्ये आणि क्यूटीत ते एकाच ठिकाणी लिहून भागतं. पाहणाऱ्याला स्क्रीन जुनाट वाटेल. मुनिमाला वाटत नाही. डिझायनर मंडळींनी मोकळ्या जागा, मोठी गोल बटणं आणि सरकते पडदे यांचा जो सोस लावला आहे, त्याचा या माणसाला शून्य उपयोग. त्याला एका पडद्यावर वीस ओळी हव्यात.

छपाईचं थोडक्यात सांगतो. दुकानात अजून कार्बनवाला डॉट मॅट्रिक्स असतो आणि साधारणतः त्याच्या पोटात देवनागरी नसते. मराठी पट्टी चित्र म्हणूनच पाठवावी लागते, त्याने वेळ लागतो. लायब्ररी पसंत करण्याआधी तीच पट्टी त्याच कागदावर काढून पाहावी.

मग निवड कोणती? दुकानात फक्त विंडोज असेल, आणि बहुधा तेच असतं, तर मी विनफॉर्म्स म्हणेन. २००२ ची आहे, फॅशनबाहेर गेली आहे, पण कोड आता खुला आहे, मराठी धड दिसते, आणि सी शार्प जाणणारा माणूस नांदेडमध्ये शोधला तर सापडतो. लिनक्सची शक्यता असेल तर पायसाइड. जीटीके विंडोजवर परक्यासारखी वागते, ती मी सोडतो.

इलेक्ट्रॉनवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मराठीची जुळणी ब्राउझरइतकी चोख फार थोड्या ठिकाणी असते, आणि वेबची कामं करणारी मुलं तर गल्लोगल्ली आहेत. माझ्या दोन्ही प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर आहे. अडचण वजनाची. रिकाम्या खिडकीसाठीही शंभर एमबीच्या घरात फाइली, आणि दुकानातल्या जुन्या यंत्रावर मेमरीची चणचण. तिच्या पोटातलं क्रोमियम सतत बदलतं, त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या घ्यायच्या तर प्रोग्राम पुन्हा पुन्हा बांधून द्यावा लागतो. बांधणारा पुण्याला गेला की तेही थांबतं. मालकाला हैदराबादेत बसून दिवसाचा गोषवारा मोबाइलवर पाहायचा असेल तर तेवढं पान वेबवर जरूर द्यावं. पट्टीची स्क्रीन मात्र काउंटरवरच्या यंत्रात, नेट नसताना चालणारी आणि नमपॅडवर हाताळता येणारी असू द्यावी, आणि तिचा कोड पैसे चुकते होतील त्या दिवशी दुकानदाराच्या ताब्यात द्यावा.