दंडातला उंदीर

"मसल हा शब्द आपल्याच 'मांसल'वरून तिकडे गेलाय," परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले एक काका ठामपणे म्हणाले. चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसलो. पण ते वाक्य घरी आलो तरी डोक्यातून जाईना.

संस्कृत आणि लॅटिन एका कुळातल्या, हे विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात मांडलं, ते आता शाळकरी ज्ञान झालंय. पण कुळ एक असणं वेगळं आणि उच्चार जुळणं वेगळं. 'मसल'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'सी' आहे, तो कुणी उच्चारत नाही. ते मुकं अक्षरच इथला साक्षीदार. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा लॅटिन 'मुस्कुलुस'. 'मुस' म्हणजे उंदीर. 'मुस्कुलुस' म्हणजे इवलासा उंदीर. मांसाचा संबंधच नाही. ग्रीकांच्या 'म्यूस'लाही उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ होते. हृदयाच्या रिपोर्टवर 'मायोकार्डियल' लिहितात, त्यातला 'मायो' तोच.

सारखेपणा कानाला पटतो. नातं पिढ्या मोजून ठरवावं लागतं. आणि पिढ्या मोजल्या, तर 'मुस'चा भाऊबंद आपल्याकडे निघतोच: मूषक. म्हणजे नातं आहे, हा काकांचा अंदाज खरा होता. दार तेवढं चुकलं.

इथवर लिहिलं आणि भाचा आठवला. बाही वर सारून, मूठ आवळून, कोपर दुमडून तो दंड पुढे करतो: "मामा, बेटकुळी बघ!" कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं, हात सैल सोडला की दडून बसतं. बेटकुळी म्हणजे छोटी बेडकी. रोमन माणसाला तिथे उंदीर दिसला, मराठी माणसाला बेडकी. हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. तरी इतकी जवळीक मला 'मुस' आणि 'मूषका'तही जाणवली नाही.

व्युत्पत्ती म्हणजे वंशावळ, असंच मी आजवर मानत आलो. ती निम्मी गोष्ट झाली. शब्द सुचला त्या घटकेला कुणीतरी एका दंडाकडे निरखून पाहिलं होतं. ते पाहणंही शब्दाचं मूळच आहे, आणि ते वंशावळीत सापडत नाही.

उद्या भाचा जिमला जाईल आणि 'बायसेप्स' म्हणू लागेल. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दोन डोक्यांचा. ज्याने तो स्नायू चिरून आतून पाहिला, त्याचा तो शब्द. भाच्याने तोही शिकावा. पण बाही सारून दंड दाखवताना त्याच्या तोंडी बेटकुळीच राहावी, असं मला मनापासून वाटतं.