भार आणि आधार

घरी केलेल्या वस्तूकडे आपण ममतेने पाहतो. मुलांनी अंगणात रचलेल्या किल्ल्याचा बुरूज जरा कलला, काड्या-कागदांचा कंदील एका बाजूला झुकला, तरी कुणी नाक मुरडीत नाही. उलट ‘घरचा आहे!’ म्हणून त्याचे कौतुकच होते. चकली मऊ पडली तरी ती आपण गोड मानून घेतो. हे सारे योग्यच आहे. परंतु घरगुतीपणाला ही सवलत कुठवर द्यावी? मोटारीचे इंजिन उतरवून ठेवण्यासाठी घरच्या घरी केलेली लोखंडी घोडी पाहिली, की हा प्रश्न टाळता येत नाही.

कुर्ल्याहून घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडशी, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाशी, मोटारीचे नाते जुने आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना याच रस्त्यावर कुर्ल्याला होता; फियाट आणि पुढे पद्मिनी तेथेच घडली. तो कारखाना आता नाही. पद्मिनी टॅक्सीही वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पण जुन्या गाडीवर जीव लावणारे हौशी लोक आणि लहान गॅरेजवाले उपनगरांत अजून आहेत. ज्याला तयार स्टँड परवडत नाही, किंवा ज्याचे हात स्वस्थ बसत नाहीत, तो भंगारातून अँगल आणतो, कापतो, वेल्डिंग करतो आणि आपली घोडी उभी करतो.

दिसायला ही वस्तू साधी. खाली पाय, वर खांब, खांबाला फिरती तबकडी आणि तबकडीला चार बाहू. हे बाहू इंजिनाच्या मागच्या अंगाला, जेथे गिअरबॉक्स बसतो तेथे, बोल्टने आवळायचे. म्हणजे इंजिन एका बाजूने धरलेले आणि बाकी सारे अधांतरी! जुन्या जीपचे इंजिनदेखील दीड-दोनशे किलोंच्या घरात जाते. म्हणून घोडीचे पाय इंजिनाच्या भारमध्याच्या पुढे गेलेले असावे लागतात. ते आखूड पडले तर घोडी पुढे कलंडते. वेल्डिंगचा जोड वरून गुळगुळीत असला तरी आत पोकळ असू शकतो, आणि एकदा रंग चढला की ती पोकळी कुणाला दिसत नाही. बुरूज कलला तर मुले हसतात. पण वजनाला कुणाची भीड पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘ज्याने घोडी केली तोच तिच्यापाशी काम करणार. जीव त्याचा, जोखीम त्याची. येथे नीतीचा प्रश्न आला कुठून?’

तो येतो दिवा धरणाऱ्या मुलाबरोबर. असल्या कामाला माणूस सहसा एकटा नसतो. पाना देणारा, बोल्ट वेचणारा एखादा पोऱ्या असतो. घरी असेल तर धाकटा भाऊ असतो. तो जोड तपाशीत नाही. ‘दादाने केली आहे’ एवढे त्याला पुरते. त्याने जोखीम पत्करलेली नसते, विश्वास टाकलेला असतो. आणि या दोहोंत फार अंतर आहे. जोखीम पत्करणाऱ्याला धोका दिसत असतो. विश्वास टाकणारा दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. म्हणून त्या घोडीवर इंजिनाच्या भाराबरोबर आणखी एक भार येतो, आणि तो कोणत्याही काट्यावर मोजता येत नाही.

सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने कायदा केला होता, की घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड द्यावा. शिक्षा क्रूर खरी. पण घडविणाऱ्याची जबाबदारी काम हातावेगळे झाल्यावर संपत नाही, ही जाणीव तीत आहे. मात्र कायदा जागा होतो तो घर पडल्यावर. सदसद्विवेकाला त्याआधी जागे व्हावे लागते.

‘आजवर कधी पडली नाही’ हे उत्तर फार ऐकू येते. पण त्यावरून एवढेच कळते, की ती काल पडली नाही. शहाणा कारागीर इंजिन चढविण्याआधी घोडीला हिसके देऊन पाहतो, तिच्यावर भार टाकून पाहतो. इंजिन चढले तरी चेन-पुली लगेच सोडीत नाही, आणि खाली लाकडी ठोकळे सरकवून ठेवतो. त्याचा आपल्या हातांवर विश्वास नाही, असे नव्हे. आपले हातही चुकू शकतात आणि ती चूक भलत्याच्याच बोटांवर पडू शकते, हे त्याने ओळखलेले असते. यात भित्रेपणा नाही. दुसऱ्याविषयीची आस्था अशा कामात याच रूपाने प्रकट होते.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. गंध-फूल वाहण्याआधी हत्यार पुसून स्वच्छ करण्याची चाल आहे. लोखंडावरचे तेल-माती पुसली गेली, की जोडाला गेलेला बारीक तडा उघड्या डोळ्यांना दिसतो. मग तेथे फूल ठेवून उठायचे, की पूजा थांबवून वेल्डिंगवाल्याला हाक मारायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.