सरासरीत न मावणारे आकडे

वाराणसीच्या अहिल्याबाई घाटावर, संध्याकाळची गर्दी जमण्याआधी, पोरांचं क्रिकेट रंगात येतं. स्टंपच्या जागी विटा, हातात टेनिसचा चेंडू, एका अंगाला पायऱ्यांची चढण आणि दुसऱ्या अंगाला गंगा. चेंडू थेट पाण्यात पडला की फलंदाज बाद, वर तो काढून आणायचाही त्यानेच. त्यामुळे नदीकडे उंच फटका मारायला कुणी धजत नाही. सगळे पायऱ्यांकडे खेळतात. धावांची वही कुणाकडेच नसते. असती, आणि एखाद्याच्या नावापुढे बारा धावा लागल्या असत्या, तर त्या बारांत नदी कुठे दिसली असती?

क्रिकेटच्या आकडेमोडीशी माझं भांडण आहे ते इथेच. सरासरी काढली की नदी वजा होते. संघ निवडणाऱ्यांनी खुशाल सरासरी बघावी, त्यांचं काम तेच आहे. पण सामना काय होता हे कळतं ते विक्षिप्त आकड्यांतून.

सांगलीचे विजय हजारे घ्या. 1943-44च्या पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम. हिंदू संघाने 5 बाद 581वर डाव सोडला, हजाऱ्यांचा ‘रेस्ट’ संघ 133त आटोपला. फॉलोऑननंतरच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या. एवढ्यावर थांबलं तर ही नुसती वीरगाथा होते. पण त्या डावात 300 धावांची एक भागीदारी आहे, आणि तीत धाकटे बंधू विवेक यांचा वाटा 21. हे 21 मला 309 इतकेच मोलाचे वाटतात. भाऊ तिकडे खेळत असताना आपण बाद व्हायचं नाही, एवढंच काम त्यांनी केलं. तरी सामना एक डाव आणि 61 धावांनी गेलाच.

नाशिकचे बापू नाडकर्णी तर याहून पंचाईत करतात. जानेवारी 1964, मद्रास कसोटी, समोर इंग्लंड: 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी शून्य. त्यांतली 21 षटकं सलग निर्धाव. बळींच्या रकान्याने हिशेब केला तर हातात भोपळा. तरीही साठ वर्षांनंतर लोकांना आठवतो तो हा भोपळाच.

हल्ली टीव्हीच्या पडद्यावर अमुक मैदानात, तमुक षटकात, डावखुऱ्यांविरुद्ध असले विक्रम पाच-पाच मिनिटांनी उगवतात. त्यांना मी विक्षिप्त म्हणणार नाही. माहिती इतकी बारीक चाळली की काहीतरी सापडणारच. नाडकर्ण्यांचा आकडा कुणी शोधून काढलेला नव्हता. तो मैदानात प्रेक्षकांसमोर षटकागणिक घडत गेला.

आणि काही आकडे तर प्रतिपक्षाने घडवलेले असतात. डिसेंबर 1948, पुण्यातला रणजी सामना. काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर 443वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून नऊ धावा मागे. काठियावाडच्या संघाने पुढे खेळायला नकार देऊन सामना सोडला. रणजी करंडकातली ती आजही सर्वोच्च खेळी आहे, आणि निंबाळकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत.