राज्य कोणाचे, आणि दिवस कोणाचा?

वाढवणचे बंदर असो की मुंबई-अहमदाबादची द्रुतगती रेल्वे, डहाणू आणि तलासरी या तालुक्यांविषयी अलीकडे जी चर्चा चालते, तिच्यात परस्परांशी कडाडून भांडणारे पक्षदेखील एका गृहीतकावर नकळत एकमत झालेले दिसतात. ते असे की, येथील वारली समाज आजवर इतिहासाबाहेर राहिला, आणि आता त्याला आत घ्यावयाचे की बाहेरच सुखाने नांदू द्यावयाचे, एवढाच काय तो प्रश्न शिल्लक आहे. एक पक्ष त्याला मुख्य प्रवाहात आणू पाहतो, दुसरा त्याची निरागसता जपू पाहतो. घोलवडसारख्या गावात, जेथे चिकूच्या वाडीचा मालक आणि टोकाला जाळी बांधलेल्या बांबूने फळ उतरवणारा मजूर यांचे संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, तेथे राहून विचार करणाऱ्याला हे गृहीतक नुसते चुकीचे नव्हे, तर अन्यायाचे वाटते.

असाच अन्याय पश्चिम आफ्रिकेच्या वाट्याला आला होता. आफ्रिकेला इतिहास नाही हे हेगेलचे मत ऑक्सफर्डचे प्राध्यापक ट्रेव्हर-रोपर 1957 साली घाना स्वतंत्र झाल्यानंतरही मांडीत राहिले. त्यावर तेथील विद्वानांनी कुमासीच्या आशांटी राजांकडे बोट दाखवून, आमचीही राज्ये होती, असे सप्रमाण उत्तर दिले. तसे उत्तर आपल्यालाही देता येईल. जव्हारचा डोंगर जयबा मुकणे या महादेव कोळी पुरुषाकडे आला तो एका वारली नायकाकडून, अशी परंपरा ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने नोंदवली आहे. बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागून, कातड्याच्या वाद्या कापून त्यांनी डोंगर वेढल्याची कथा तिच्याशी जोडलेली आहे. 1343 साली दिल्लीच्या सुलतानाने त्या घराण्याला राजा म्हणून मान्यता दिली, 1664 साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांची जव्हारच्या राजाशी शिरपामाळावर भेट झाली, आणि 1948 साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तिकडे किनाऱ्यावर गुजरातचे सुलतान, फिरंगी, 1739 नंतर मराठे आणि पेशवाई बुडाल्यावर इंग्रज, असे अंमल एकामागून एक बदलत गेले.

ही नामावली खरी आहे आणि ती शाळेत शिकवली जावी, असे माझे मत आहे. परंतु तिच्यावर थांबणारा मनुष्य ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, तो प्रश्नच अपुरा आहे. मुलखावरची सत्ता ही एक गोष्ट आणि माणसाच्या दिवसावरची सत्ता ही दुसरी. उद्या सकाळी हा मनुष्य आपल्या शेतात जाणार की दुसऱ्याच्या, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा माझ्या दृष्टीने या प्रदेशाच्या राजकीय इतिहासातील मूळ प्रश्न होय. दफ्तरातील शिक्का बदलला म्हणून त्याचे उत्तर बदलतेच असे नाही. इंग्रजांनी कायद्याचे राज्य आणले, हे मत खोडून काढण्याचेही श्रम घेण्याचे कारण नाही, कारण 1939 च्या सिमिंग्टन अहवालात त्यांच्याच अधिकाऱ्याने या भागातील पिळवणुकीची साक्ष लिहून ठेवली आहे. रोख सारा, जंगलावरील बंदी आणि सावकाराचे खत या तिहींनी मिळून वारल्याला आपल्याच जमिनीवर कूळ केले. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबू लागली, म्हणजे त्याला लग्नगडी म्हणत. या लग्नगड्याच्या दिवसावर राजाची सत्ता नव्हती, कलेक्टरचीही नव्हती. ती सावकाराची होती.

ज्या मताशी मला खरोखर वाद घालावयाचा आहे, ते याहून सहृदय आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. वारली झोपलेला होता, 1945 साली बाहेरून आलेल्या ध्येयवादी माणसांनी त्याला जागे केले, असे ते मत. गोदावरी परुळेकरांच्या 1970 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे नावच अनेकांनी निष्कर्ष म्हणून उचलले. गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव यांच्या त्यागाविषयी मला नितांत आदर आहे, त्यांच्यावाचून वारल्यांचा वेठीविरुद्धचा लढा त्या वेळी आणि त्या स्वरूपात उभा राहिला नसता, हेही मी मान्य करतो. परंतु झोपलेला मनुष्य आपल्या पायांनी टिटवाळ्याला कसा जातो? जानेवारी 1945 मध्ये तेथे किसान सभेची परिषद भरली, तिला उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि त्यांचे सोबती गेले होते. त्यांनी तेथे आपले गाऱ्हाणे मांडले, आणि त्यानंतर किसान सभा या रानात आली. त्याच वर्षी 23 मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ करावयाची नाही, मजुरीवाचून दुसऱ्याच्या शेतावर पाऊल टाकावयाचे नाही, असे ठरवले. कोणतेही वृत्तपत्र ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते, अशा पाड्यापाड्यांतून एवढी माणसे एका दिवशी एका ठिकाणी येतात, ती कोणी नुकतीच हलवून उठवलेली असतात काय?

पावसाळा संपल्यावर गवत कापणीचा हंगाम आला, तेव्हा त्यांनी पाचशे रतल गवताला अडीच रुपये असा दर मागितला. या मागणीकडे बारकाईने पाहावे. गवत उभ्या उभ्या वाळून गेले की त्याला किंमत नाही, ते ठराविक आठवड्यांतच कापावे लागते, मुंबईचे तबेले त्यावर अवलंबून आहेत आणि मालकाला थांबणे परवडत नाही, हा सगळा हिशेब तिच्यात आहे. हा हिशेब बाहेरच्या पुढाऱ्याला कोठून कळणार? तो विळा धरणाऱ्या हातांनाच ठाऊक होता. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले, तरी कापणी बंदच राहिली आणि दर अखेर मान्य करावा लागला. जागृतीवाद्यांना या प्रसंगातील शौर्य दिसते, पण त्यातले राजकारण त्यांच्या नजरेतून सुटते. पिढ्यान्‌पिढ्या जे गिळले, ते केव्हा आणि कोणाच्या साहाय्याने थुंकून टाकावयाचे, याचा निर्णय घेणे हे राजकारण नव्हे, तर मग राजकारण कशाला म्हणावयाचे?

याच सुमारास आयव्हरी कोस्टमध्ये कॉफी-कोकोच्या मळ्यांवरील सक्तीच्या मजुरीविरुद्ध आफ्रिकी शेतकऱ्यांची संघटना बांधून उफुए-ब्वानी फ्रेंच संसदेत पोहोचले, आणि 11 एप्रिल 1946 च्या कायद्याने फ्रेंच वसाहतींतील वेठ रद्द झाली. ध्वज बदलला तो 1960 साली. म्हणजे तेथेही दिवसावरची सत्ता आधी हलली आणि मुलखावरची नंतर. स्वातंत्र्याच्या तारखेपासून इतिहास मोजणाऱ्यांना हा क्रम कळत नाही.

आज आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, 2014 पासून त्याचे महाराष्ट्राचे नियमही आहेत, आणि तरीही येथील ग्रामसभांना जनजागृतीची शिबिरे घेऊन शिकवण्याचा उत्साह सरकारी कचेऱ्यांत आणि बऱ्याच संस्थांत ओसंडून वाहतो. त्या उत्साही मंडळींनी तारखा एकदा समोर ठेवाव्यात. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा आपल्या संसदेने 1976 साली केला. झरीच्या वारल्यांनी तो निर्णय त्याआधी 31 वर्षे घेऊन अंमलात आणला होता.