शाकारणी आणि शास्त्र

मृगाच्या आधी छप्पर शाकारून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस मुळात कमी, आणि जो पडतो त्यातला बराचसा परतीच्या वाटेवर, सप्टेंबरात, कोसळल्यासारखा. त्यामुळे जूनच्या बुरबुरीत छप्पर निभावले म्हणून काम नीट झाले असे समजण्यात अर्थ नसतो. कौलारू चर्चचे हे काम करणारा मेस्त्री मंडळीला आठवतो तो बहुधा बिल चुकते करताना. त्याच्या कामाला आपण व्यवस्था म्हणतो आणि रविवारच्या उपासनेला धर्म. माझे म्हणणे असे, की ही वाटणी ख्रिस्ती शास्त्राच्याच कसोटीवर टिकत नाही. इमारतीची देखभाल हा उपासनेचाच एक भाग आहे. आणि हे एकदा मान्य केले की आणखी एक गोष्ट पदरात घ्यावी लागते, जी मंडळ्यांना जास्त जड जाते: काम पवित्र म्हटल्याने त्याची मजुरी माफ होत नाही, उलट ती बुडवणे अधिक मोठे पाप ठरते.

आधी काम काय असते ते पाहू, कारण त्यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी ते जमिनीवर उभे राहूनच पाहिलेले असते. मंगळुरी कौल साधारण दोन-अडीच किलोचे. दहा-बारा कौलांची चळत घेऊन शिडी चढायची म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास ओझे, तेही वैशाखातल्या उन्हात, तापलेल्या पाख्यावर. पाय कुठे टाकायचा हे शिकावे लागते. कौलाच्या मधोमध भार पडला की ते तडकते. जिथे वरचे कौल खालच्यावर चढते आणि खाली रीप असते तिथेच पाऊल द्यायचे. रीप वरून दिसत नाही, ती ओळींच्या अंतरावरून ताडायची. बारीक चीर डोळ्यांना सापडत नाही, ती कानांना सापडते. टिचकी मारली की साबूत कौल खणखणते, चिरलेले बद्द वाजते. भिंतीचे काम त्याहून फसवे. जुनी दगडी बांधणी चुन्यातली. कळीचा चुना विझवायचा, मुरू द्यायचा, वाळू घालून घाणीत मळायचा. जुने गवंडी त्यात गूळ-हिरड्याचे पाणीही घालत. आता घाईत दरजा सिमेंटने भरल्या जातात. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि ओल कोंडणारे. भिंतीत शिरलेल्या पाण्याला दरजेतून बाहेर पडता येत नाही, मग ते आतल्या गिलाव्यातून फुटते, पोपडे धरतात, आणि सभेत चर्चा होते ती रंगाच्या कंपनीची. कठड्यावर रुजलेला पिंपळ वरच्यावर कापला तर तो जोमाने फुटतो. मुळे काढायची तर दगडाचे दोन-तीन थर उतरवून पुन्हा ओळंब्यात बसवावे लागतात. चुन्याने उललेले हात, तासन् तास वर बघून आखडलेली मान, कबुतरांच्या विष्ठेची नाकातोंडात जाणारी धूळ, हा सारा या विद्येचा खर्च. विद्या हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

शास्त्रातही तो तसाच येतो. निर्गमच्या 31व्या अध्यायात देव बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो, ते भविष्य सांगण्यासाठी नव्हे. सोने, रुपे, पितळ, दगड आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी भरतो. गणनेच्या पुस्तकात निवासमंडपाचे कोणते सामान कोणी वाहायचे याची यादीच आहे. फळ्या, अडसर, खांब आणि उथळ्या यांचे जड काम मरारीच्या वंशाकडे, म्हणून त्यांना चार गाड्या आणि आठ बैल. पडदे वाहणाऱ्या गेर्षोनच्या वंशाला दोन गाड्या आणि चार बैल. ओझे मोजून साधने देणारा हा देव आहे. त्याच पुस्तकाच्या 8व्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे मरारी आणि गेर्षोन ज्यांच्यातले त्या वंशाच्या, सेवेचे वय पंचवीस ते पन्नास ठरवून दिले आहे, कारण ती सेवा अंगमेहनतीची होती. आणि ‘2 राजे’ 12 तर प्रत्येक मंडळीच्या कारभाऱ्यांनी वर्षातून एकदा वाचावा असा अध्याय आहे. योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा याजकांच्या हाती सोपवला, आणि त्याच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नाही. मग यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीपाशी ठेवली. त्यात जमलेला पैसा सुतार, गवंडी आणि पाथरवट यांच्या मजुरीवर आणि लाकूड-दगडावर खर्च झाला. ज्यांच्यामार्फत तो वाटला गेला त्यांच्याकडे कोणी हिशेब मागितला नाही, कारण ते सचोटीने वागत. पैसा काढून घ्यावा लागला तो याजकांच्या हातून, ही गोष्ट लिहिणाऱ्याने लपवलेली नाही.

यावर पहिला आक्षेप शास्त्रातूनच येतो, आणि तो वजनदार आहे. हातांनी बांधलेल्या मंदिरात देव राहत नाही, हे स्तेफनाने यरुशलेमेत सांगितले आणि पौलाने अथेनैत. मंडळी म्हणजे माणसे, विटा नव्हेत. मग कौलांना एवढे महत्त्व देणे ही मूर्तिपूजेची पहिली पायरी नाही का? दगडाला पावित्र्य किती सहज चिकटते याचे उदाहरण शिरूरमध्येच आहे. 1809 साली वारलेला कर्नल वॉलेस हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. त्याच्या कबरीला परिसरातले लोक सत्पुरुषाचे स्थान मानत आणि सुगीचे पहिले धान्य नैवेद्य म्हणून आणत, अशी नोंद 1885च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. (ख्रिस्ती मिशनऱ्यांना जे साधले नाही ते एका लष्करी माणसाला मेल्यावर साधले, असे कोणी म्हटले तर हसू दाबणे कठीण.) पण आक्षेप घेणाऱ्याने एक पाहावे. इमारतीला देव समजण्याचा धोका सर्वांत कमी असतो तो तिची दुरुस्ती करणाऱ्याला. त्याने ती सुटी-सुटी हातात घेतलेली असते. वाळवी लागलेला वासा आणि भुगा झालेला चुना त्याला ठाऊक असतो. इमारत शाश्वत आहे असे वाटते ते खाली बाकावर बसणाऱ्यांना. शिवाय छप्पर देवासाठी नाहीच, ते त्याखाली बसणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी आणि पोरांसाठी आहे. अनुवादच्या 22व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करायला सांगितले आहे, नाहीतर कोणी पडला तर रक्ताचा दोष घरावर येईल. बांधकामाची सुरक्षितता तिथे शेजारधर्मात मोडते, आणि पडणारा माणूस यजमान असेल की मजूर, असा भेद तो नियम करत नाही.

हा पैसा गरिबांना द्यावा, या दुसऱ्या आक्षेपावर फार वेळ घालवायला नको. पाथरवट आणि गवंडी श्रीमंत असतात असे आक्षेप घेणारेही म्हणणार नाहीत. आणि दरवर्षीची शाकारणी टाळून वाचवलेला पैसा गरिबांपर्यंत पोचत नाही. काही वर्षांनी तो वासे बदलणाऱ्या ठेकेदाराकडे जातो, व्याजासकट. दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला हे समजावून सांगायची गरज नसावी. 1878 साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला तेव्हापासून रूळ तपासत रोज चालत जाणारा चावीवाला हा रेल्वे चालवणाऱ्यांपैकीच एक आहे, आणि त्याच्या पगारातून धर्मादाय करावा असे कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. काम हीच पूजा, हे वाक्य कोणी कोणाला ऐकवायचे? नगर-शिरूर पट्ट्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली. गावकुसाची डागडुजी, वेशीवरची राखण, निरोप पोचवणे ही कामे त्यांच्या पूर्वजांवर जन्माने लादलेली होती, आणि मोबदला म्हणजे बलुते व वतनाची तुटपुंजी जमीन. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. ती वतने कायद्याने जाण्यास 1958 साल उजाडले. अशा माणसाच्या हाती प्रभूची सेवा म्हणून पुन्हा फुकट झाडू आणि शिडी दिली, तर वेस तीच राहते, फक्त तिच्यावर क्रूस येतो. हा आक्षेप मी खोडत नाही, कारण तो माझ्या म्हणण्याचाच उत्तरार्ध आहे. वेठ आणि उपासना यांत फरक पडतो तो कामाने नव्हे. मजुरी, शिक्षण आणि नकार देण्याची मुभा यांनी पडतो. लूकच्या 10व्या अध्यायात येशू आपल्या पाठवलेल्यांनाच सांगतो की कामकरी मजुरीला पात्र असतो. मंगळुरी कौलांचाच इतिहास पाहा. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरूत कौलांचा कारखाना काढला; धर्मांतरामुळे जात आणि तिच्यासोबत पोटापाण्याचा धंदा गमावलेल्यांना तिथे पगाराचे काम मिळाले. मालक मिशनच होते आणि शिस्त करडी होती, तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हातात कसब आणि महिन्याअखेर पगार होता. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी याहून पुढची गोष्ट केली. संस्कृत पंडिताच्या या मुलीने मुक्ती मिशनमध्ये शेत, माग आणि छापखाना एकाच दिनक्रमात आणले. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी केले, आणि त्याचे खिळे जुळवणारे, छापणारे हात तिथल्याच स्त्रियांचे होते. कोणत्या हातांनी पुस्तक लिहावे आणि कोणत्या हातांनी शाई पुसावी, ही जातीने ठरवलेली वाटणी तिथे बरीच मोडली.

मग मंडळीने श्रमदान करून छप्पर शाकारावे, पैसाही वाचेल आणि समताही येईल, असा तोडगा निघतो. अंगण झाडायला, भिंतींना चुना मारायला तो चांगला आहे, आणि त्यात पाळकांनी व कारभाऱ्यांनी बादली धरावी हे बरेच. छपरावर मात्र उत्साहाला जागा नाही. रीप न ओळखता चढलेले चार तरुण एका दुपारी जितकी कौले फोडतील तितकी वाऱ्याने वर्षभरात फुटत नाहीत, आणि त्यांतला एखादा पडला तर अनुवादचा तो नियम मंडळीलाच लागू होतो. तरुणांनी चढावे, पण शिकून, कमरेला दोर बांधून, जाणत्याच्या देखरेखीखाली. हा जाणता कुठून आणायचा, तर गणनेतली लेव्यांची व्यवस्था पुन्हा वाचावी. पन्नाशीनंतर लेव्याने जड काम करायचे नाही, पण निवासमंडपात आपल्या भाऊबंदांना मदत करत राहायचे. आपल्याकडे पन्नाशी उलटलेला मेस्त्री अजून स्वतःच शिडी चढतो, कारण न चढेल त्या दिवसाचा रोज बुडतो. त्याला खाली खुर्चीत बसवून, पुरा रोज देऊन, वरच्या दोघांना पाय कुठे टाकायचा ते सांगायला लावणे हा खर्च मंडळीच्या अंदाजपत्रकात नाताळच्या रोषणाईच्या आधी यायला हवा, आणि तो मंजूर करायची सभा मे महिना उजाडण्यापूर्वी व्हायला हवी.