घसरलेल्या एचडीएलचा अर्थ

रक्तातले कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एचडीएलचे कण कमी म्हणजे हृदयविकाराचा धोका, हे समीकरण अमेरिकेतील फ्रामिंगहॅम हृदय-अभ्यासाच्या 1977 सालच्या अहवालाने रुजवले आणि पुढे या कणांची चर्चा हृदयाच्या धमन्यांपलीकडे फारशी गेलीच नाही. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव धोक्यात आलेल्या, रुग्णांत हेच एचडीएल थोड्या दिवसांत निम्म्यावर येते, हे डॉक्टरांना दिसत होते. पण ती आजाराची पडछाया समजली गेली. मला हा अर्थ अपुरा वाटतो. सेप्सिसला अनेकदा कारण ठरणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह गटातल्या जंतूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषाचा एक भाग मेदाचाच असतो. एचडीएलचे कण त्याला आपल्यात ओढून घेतात आणि असे अडकलेले विष पेशींना सहजी चेतवू शकत नाही. एचडीएल वाढवलेले उंदीर एंडोटॉक्सिनपुढे अधिक तग धरतात, असे 1993 मध्ये दिसले. 1996 मध्ये नेदरलँड्समधील निरोगी स्वयंसेवकांना आधी प्रयोगशाळेत जुळवलेले एचडीएल देऊन मग एंडोटॉक्सिन टोचले, तेव्हा दाहाची लाट सौम्य झाली. 2005 मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी नोंदवले की, पहिल्याच दिवशी एचडीएल दर डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली असलेले सेप्सिसचे रुग्ण अधिक दगावतात.

यावर आक्षेप सरळ आहे: ज्याचा आजार मोठा, त्याचे एचडीएल खाली. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? रुग्णांच्या निरीक्षणातून याचे उत्तर मिळत नाही, जनुकांतून काहीसे मिळते. सीईटीपी हे प्रथिन एचडीएलमधले कोलेस्टेरॉल इतर कणांत हलवते; त्याच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार जन्मतः असलेल्यांचे एचडीएल सेप्सिसमध्ये जास्त घसरते. कॅनडातील संशोधकांना अशा रुग्णांत मूत्रपिंड निकामी होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळले. जनुक संसर्गाच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे ‘आजाराने घसरले’ एवढ्यावर भागत नाही.

मग एचडीएल वाढवावे? इथे घाई नडते, आणि औषध कंपन्यांना ती नडलीच. सीईटीपीला रोखणाऱ्या टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल सुमारे 72 टक्क्यांनी वाढवले, पण 2007 च्या अहवालात औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले, त्यांत संसर्गाने झालेलेही होते. या औषधाने रक्तदाबही वाढत होता, म्हणून सगळा दोष एचडीएलवर टाकता येणार नाही. एंडोटॉक्सिन शोषणारे फॉस्फोलिपिडचे द्रावण तर थेट सेप्सिसच्या रुग्णांवर तपासले गेले. 2009 मध्ये त्याचाही मृत्युदरावर परिणाम दिसला नाही. शिवाय प्रयोगशाळा मोजते ते कणातले कोलेस्टेरॉल, त्याची कामगिरी नव्हे. तीव्र दाहात कणातले मूळ प्रथिन हटून सीरम अमायलॉइड ए तिथे बसते, म्हणजे उरलेले एचडीएलही पूर्वीसारखे राहत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआरच्या 2014 च्या पाहणीत सुमारे 72 टक्के लोकांचे एचडीएल मुळातच कमी होते. म्हणून अतिदक्षता विभागातल्या एकट्या आकड्यावर विसंबू नये. घरात जुना लिपिडचा अहवाल असेल तर तो डॉक्टरांना दाखवावा, कारण घसरण किती झाली ते त्यावरूनच कळेल. ती मोठी असेल तर मूत्रपिंडावर आणि इतर अवयवांवर जास्त बारीक लक्ष ठेवावे. उपचार म्हणून एचडीएल वाढवण्याइतका पुरावा मात्र आज नाही.