धूर कुणाच्या खात्यावर?

माझं गॅरेज कुर्डुवाडीत, स्टेशनपासून जवळ. आमच्या गावाला समुद्र लागत नाही, पण टेंभुर्णीच्या पुढे भीमानगरला उजनीची भिंत आहे आणि तिच्या मागे पार भिगवणपर्यंत पाणी पसरलंय. 1980 साली धरण पूर्ण झालं, गावं उठली, शेतं बुडाली. आता त्या शेतांवरून होड्या जातात. चिलापी, कटला, रोहू, मरळ. बरेच जण अजून वल्ह्यांवरच जाळी टाकतात. ज्यांना लांब जायचं ते मागे आउटबोर्ड इंजिन लावतात. फवारणीचे पंप आणि मोपेड दुरुस्त करता करता ही इंजिनंही माझ्याकडे यायला लागली, आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला प्रश्न : "मामा, टू-स्ट्रोक घिऊ का फोर-स्ट्रोक?"

मी माळकरी आहे. मासे खात नाही, पण मासे धरणाऱ्याचं इंजिन चालू करून देतो. त्यामुळे या प्रश्नाला नुसतं "हे घे" म्हणून मला उरकता येत नाही.

आधी यंत्राचं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहत नाही, पेट्रोलात मिसळूनच जातं आणि पेट्रोलाबरोबर जळतं. जळलेला धूर बाहेर पडणं आणि ताजं मिश्रण आत येणं, दोन्ही एकाच वेळी चालतं. त्या गर्दीत थोडं ताजं मिश्रणही न जळताच सटकतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात हे नुकसान पाव हिश्शापर्यंत जातं. आउटबोर्डचा धूर पाण्याखाली सोडलेला असतो, म्हणून तो डोळ्यांत जात नाही. मागे रंगीत तवंग तेवढा दिसतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खालच्या कुंडीत राहून फिरत असतं. पेट्रोल कमी लागतं, आवाज कमी, तवंग जवळजवळ नाही. पण व्हॉल्व आले, कॅम आला, किंमत वाढली, आणि आठ-दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनालाही दहाएक किलो वजन जास्त. टू-स्ट्रोक बिघडलं तर प्लग काढून पुसून पोरगं जागेवर चालू करतं. फोर-स्ट्रोक बिघडलं की ते इंजिन माझ्याकडे येतं आणि पोरगं दोन दिवस घरी बसतं.

वजनाची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. पत्र्याची हलकी होडी, मागच्या फळीवर जड इंजिन, त्यात जाळं आणि माणसं. पाण्याची कड आधीच जवळ आलेली असते. 21 मे 2024 ला उजनीच्याच पाण्यात, कुगाव आणि कळाशीच्या मधे, वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जीव गेले. ते इंजिनामुळे झालं असं मी म्हणत नाही, वारा तसा होता. पण तेव्हापासून कुणी जुन्या छोट्या होडीला नवं फोर-स्ट्रोक लावायला आला, तर मी आधी होडी बघतो. पाणी शुद्ध ठेवायच्या नादात माणूस बुडाला तर त्या शुद्धीला काय करायचं?

माझ्या दुकानात एक निवृत्त मास्तर पेपर वाचायला येतात. त्यांचा निकाल झटपट असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातला अठ्ठेचाळिसावा श्लोक ते सांगतात : वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी टाकू नये, कारण आगीला धूर असतो तसा प्रत्येक कामाला दोष असतोच. "बघ, भगवंतानंच धूर माफ केलाय. दे त्याला टू-स्ट्रोक."

मला हे पटत नाही. त्या श्लोकात काम सोडू नको असं सांगितलंय. धूर कमी करू नको, असं कुठं सांगितलंय? ज्यानं चूल पेटवली आहे त्याला ओलं आणि सुकं लाकूड यांतला फरक कळतो. दोन्हींना धूर आहे म्हणून दोन्ही सारखीच, असं चुलीपुढं बसलेली बाई कधी म्हणणार नाही. असं म्हणणारा माणूस ओसरीवर बसलेला असतो. धर्माची बरीच वचनं आपण अशी ओसरीवर बसून वापरतो.

मच्छीमार पोरांचा सवाल मास्तरांपेक्षा खरा आहे. "मामा, पुण्याची सगळी घाण हितंच येती. माझ्या चार थेंबांनी काय व्हतंय?" मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा उजनीत येते. इंद्रायणी देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. म्हणजे पालखी रस्त्यानं येते आणि पाणी नदीनं, दोघंही आळंदीहून पंढरपूरलाच. वाटेत हे पाणी उजनीत थांबतं, त्यावर आमची पोरं होड्या चालवतात, आणि आषाढीला धरणातून ते खाली सोडलं की लाखो माणसं चंद्रभागा म्हणून त्यात बुडी मारतात. सोलापूर शहर तर ते रोज पितं. एवढ्या पाण्यात पुण्याचं सांडपाणी मावत असेल, तर एका होडीचा तवंग मोजायचा कुणी आणि का?

नदीचा हिशोब असाच आहे आणि पोराचा राग रास्त आहे. पण पापाचा हिशोब बेरजेत मांडला की प्रत्येकाचा वाटा शून्य निघतो. पुण्यातला माणूसही हेच म्हणतो, एकट्या माझ्या मोरीनं काय होतंय. दुसऱ्यानं ओतलं म्हणून माझ्या हातचं कमी होत नाही. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. ज्याला चंद्रभागा स्वच्छ पाहिजे त्यानं ती गरिबातल्या गरिबाच्या खिशातून स्वच्छ करून मागू नये. अमेरिकेत टाहो सरोवरावर 1999 पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकला बंदी आहे. तिथं बहुतेक मौजेच्या बोटी. इथं इंजिनावर घर चालतं.

आमच्याच माढा तालुक्यात अरण आहे, सावता महाराजांचं. पंढरी एवढी जवळ, पण त्यांनी मळ्यातच विठोबा पाहिला. हे सगळे सांगतात. मला त्यातलं वेगळंच लागतं : देव मळ्यात आहे म्हटल्यावर मळ्यातलं प्रत्येक काम पूजेच्या कसोटीला लागतं, पाटाचं पाणीसुद्धा. सवलत मिळत नाही, उलट काम वाढतं. महाभारताच्या वनपर्वातला मिथिलेचा व्याध मांस विकतो आणि ब्राह्मणाला धर्म सांगतो. मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यानं मारलेलं विकतो, असं तो म्हणतो. आणि नांगर धरणाराही जीव मारतोच, हेही ऐकवतो. या गोष्टीत मला माझं दुकान दिसतं. पण व्याध एवढ्यावर थांबत नाही. काम टळत नसेल तर ते कसं करायचं, यावर त्याचा सगळा भर आहे.

तर फोर-स्ट्रोक म्हणजे पुण्य का? नाही. त्याचं ऑइल सुरुवातीच्या वीसेक तासांनंतर आणि पुढे दर शंभर तासांनी बदलावं लागतं. टू-स्ट्रोक आपला दोष थेंबाथेंबानं मागे सोडत जातं, चालवणाऱ्याला तो दिसतही नाही. फोर-स्ट्रोक तो साठवतं आणि एक दिवस लिटरभर काळं ऑइल तुमच्या हातात देतं. ते काठावर ओतलं तर सगळी जादा किंमत पाण्यात गेली, आणि मी असं ओतलेलं पाहिलंय. मशीन चांगलं निघालं तरी शेवटचं काम माणसाकडेच राहतं. फोर-स्ट्रोकमध्ये मला आवडतं ते हेच, की ते माणसाला "मला माहीत नव्हतं" म्हणू देत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. होडी भक्कम असेल आणि नवं इंजिन घेणार असाल, तर फोर-स्ट्रोक घ्या. पेट्रोलाची बचत फरक हळूहळू भरून काढते. जुनं टू-स्ट्रोक असेल तर ते विकून अपराधी वाटणं संपवू नका, ते दुसऱ्याच्या होडीवर तोच धूर करेल. त्यात कंपनी सांगते तेवढंच ऑइल घाला. पन्नासाला एक लिहिलं असेल तर लिटरला वीस मिली. "थोडं जादा बरं" म्हणून बाटली तिरकी करू नका, त्यानं प्लगही काळा होतो आणि पाणीही. आणि काढलेलं काळं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजवर आणून द्या, ते पुन्हा शुद्ध करणारे घेऊन जातात. माझ्या दारात त्यासाठी निळा ड्रम ठेवलाय. टेंभुर्णी, इंदापूर, करमाळा, भिगवणच्या गॅरेजवाल्यांनो, एकेक ड्रम तुम्हीही ठेवा.